घरचं गॅरेज, लेखांक ११ : वाकलेलं फूटरेस्ट

पावसाळ्यात ओल्या मातीत साइड स्टँड रुततो, गाडी डाव्या अंगावर आडवी होते आणि पहिला मार खातं ते फूटरेस्ट. फुटलेला आरसा लगेच दिसतो. फूटरेस्ट मात्र दोन-तीन बोटं वर उचललं गेलेलं असतं, ते दुसऱ्या दिवशी गिअर टाकताना बूट अडला की कळतं. मग बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो. लांब पाइप आणायचा, फूटरेस्टवर चढवायचा आणि गाडीवरच जोर लावून खाली दाबायचं. पाच मिनिटांत काम होतं, म्हणून ही पद्धत लोकप्रिय आहे. ती धोक्याची का, ते आधी समजून घेऊ.

स्प्लेंडरसारख्या १०० सीसी गाड्यांत चालकाची दोन्ही फूटरेस्टं ही एकाच दांड्याची दोन टोकं असतात. हा दांडा इंजिनाच्या पोटाखाली चार बोल्टांनी बसवलेला असतो आणि त्या बोल्टांचे आटे इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये पाडलेले असतात. आता हिशेब करा. २० मिलिमीटर जाडीचा साध्या पोलादाचा भरीव दांडा वाकवायला एक मीटर लांब पाइपाच्या टोकावर साधारण ३३ किलोंचा जोर लागतो. माणूस तो सहज लावतो. पण डाव्या आणि उजव्या बोल्टांत दहा सेंटिमीटर अंतर धरलं, तर तोच जोर एका बाजूच्या आट्यांवर दहापट होऊन, म्हणजे ३३० किलोंच्या आसपास जाऊन पडतो. दांडा सरळ होतो, पण आटे सैल पडतात किंवा क्रँककेसला केसासारखी बारीक चीर जाते. काही दिवसांनी गाडीखाली ऑइलचे थेंब दिसू लागतात. क्रँककेस बदलायची म्हणजे अख्खं इंजिन उघडावं लागतं.

मऊ पोलादाचा दांडा कमजोर म्हणून त्याला नावं ठेवली जातात. माझं मत उलट आहे. गाडी पडते तेव्हा हा दांडा वाकतो आणि वाकता वाकता धक्का स्वतःत जिरवतो, म्हणून इंजिन वाचतं. त्याच्या जागी कुणी जाडजूड, ‘कधीच न वाकणारा’ दांडा बसवून देत असेल तर घेऊ नका. पुढच्या वेळी धक्का सरळ क्रँककेसला बसेल.

तेव्हा पहिला नियम : फूटरेस्ट गाडीवरून काढून मगच सरळ करायचं.

त्याआधी लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर पोलाद, पुढे वाचा. स्पोर्टी धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत फूटरेस्ट धरणारा ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमचा असतो, त्याला चुंबक चिकटत नाही. हा ब्रॅकेट वाकला असेल तर नवा आणा. ओतीव अ‍ॅल्युमिनियम थंड असताना वाकवलं की तुटतं. तापवावं तर ते पोलादासारखं लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंश सेल्सिअसच्या आतच थेट वितळतं. आणि त्याच्या कितीतरी आधी, दोनशे अंशांच्या पुढेच, उष्णता-प्रक्रियेने आणलेली त्याची ताकद उतरू लागते. दिसायला सरळ आणि आतून कच्चा असा ब्रॅकेट स्पीडब्रेकरवर पायाखालून निघून जाऊ शकतो.

गाडी सपाट जमिनीवर मेन स्टँडला लावा, सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. न वाकलेल्या बाजूचा आकार पुठ्ठ्यावर काढून कापून घ्या. हाच पुठ्ठा उलटा केला की दुसऱ्या बाजूचा साचा झाला. नुसत्या नजरेवर विसंबू नका, नजर हमखास फसते. बोल्टांवर थोडं रॉकेल किंवा गंज सोडवणारं तेल टाकून अर्धा तास थांबा. बहुधा १२ किंवा १४ नंबरचा पाना लागतो. अनेक गाड्यांत साइड स्टँडही याच दांड्याला असतो. त्याची स्प्रिंग पकडीने काढताना डोळ्यांवर चष्मा हवाच, सुटलेली स्प्रिंग थेट तोंडावर येते.

दांडा हातात आला की वाकलेली जागा तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करा. तिच्यावर रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत ॲक्सल तपासायला पूर्वी हीच युक्ती तेल आणि खडूने करत. वेल्डच्या सांध्याजवळ विशेष बारकाईने बघा. रेघ दिसली तर दांडा भंगारात.

चीर नसेल तर रबर काढा, दांडा वाकलेल्या जागेच्या अगदी जवळ व्हाइसमध्ये घट्ट पकडा आणि नेमका बसेल असा पाइप वाकापर्यंत चढवा. एकाच दमात, सावकाश ओढा. पोलाद थोडं परत मागे येतं, म्हणून साच्याच्या किंचित पुढे न्यावं लागतं. पुढे-मागे, पुन्हा पुढे असं करत बसू नका. प्रत्येक वेळी त्या जागेचं पोलाद अधिक कडक होत जातं आणि शेवटी तडकतं. हातोडा नकोच.

तापवण्याचा मोह होतो. पण घरच्या लहान टॉर्चने जाड दांडा जेमतेम दोन-तीनशे अंशांवर जातो, पोलादावर निळी झाक येते, आणि नेमक्या याच तापमानाला ते ठिसूळ असतं. त्यापेक्षा थंड वाकवलेलं बरं. वाक फारच मोठा असेल तर दांडा लोहाराकडे न्या. तो भट्टीत लालभडक करून वाकवेल. त्याला दोन गोष्टी सांगा : आधी जस्ताचा मुलामा घासून काढ, कारण त्याचा धूर अंगात ताप आणतो, आणि नंतर पाण्यात बुडवू नकोस, हवेतच निवू दे.

बसवताना चारही बोल्ट आधी हाताने फिरवा, मग आळीपाळीने आवळा. उजव्या बाजूला ब्रेक पेडल कुठे घासत नाही ना, सोडल्यावर पूर्ण वर येतं ना, ब्रेक लाइट विझतो ना, हे तपासल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. साइड स्टँडवर गाडी पूर्वीइतकीच कलते का, तेही बघा.

मागच्या स्वाराचं फूटरेस्ट वाकलं म्हणून काहीजण ते काढूनच टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे मोटारसायकलला मागच्या स्वारासाठी फूटरेस्ट असणं बंधनकारक आहे. ते घडीचं असल्याने बऱ्याचदा दांडा शाबूत असतो आणि फक्त पिन वाकलेली असते. पिन आणि तिची कॉटर पिन बदलली की काम होतं.

हे सगळं करायला सवड नसेल तर गॅरेजमध्ये जरूर जा. तिथे कुणी पाइप घेऊन गाडीजवळ आला तर त्याला थांबवा आणि दांडा खाली उतरवून सरळ करायला सांगा.