खिडकी बदलताना घरातील ज्येष्ठांचा विचार

दिवाळी उलटून पाऊस पूर्णपणे थांबला की अनेक घरांतून दुरुस्तीची कामे निघतात. फुगून घट्ट बसलेली लाकडी झडपे, गंजलेल्या लोखंडी चौकटी आणि खिडकीखालच्या भिंतीवर उमटलेले ओलीचे नकाशे पाहून घरातील मंडळी ठरवतात, की यंदा खिडक्या बदलायच्याच. मग काचेचा रंग, चौरस फुटाचा भाव, शेजाऱ्यांनी कोणाकडून काम करून घेतले, या सर्वांची चर्चा होते. परंतु जी व्यक्ती दिवसातील बहुतेक वेळ त्या खिडकीजवळ घालवणार आहे, त्या आजींना किंवा आजोबांना मात्र क्वचितच कोणी काही विचारते.

घरभेटीस गेल्यावर रुग्णाची नाडी पाहण्यापूर्वीच माझे लक्ष खोलीच्या खिडकीकडे जाते. ती उघडी आहे की बंद, आणि बंद असेल तर का, या एका प्रश्नाच्या उत्तरातून त्या खोलीतील आरोग्याविषयी बरेच काही समजते. म्हणून आपल्याला पहिली विनंती अशी, की नवी खिडकी निवडताना ती किती घट्ट बंद होते एवढेच पाहू नका. आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीला ती स्वतःच्या हाताने, कोणाला हाक न मारता उघडता येईल का, हे आधी पाहा.

उघडणारा हात

संधिवाताने बोटे आखडलेली असतात, कंपवाताने हात थरथरतो, पक्षाघातानंतर एकच हात कामाचा उरतो. अशा व्यक्तीस वरची कडी काढायची, खालची खिटी उचलायची आणि मग झडप ढकलायची ही तीन कामे म्हणजे डोंगर वाटतो. वरच्या कडीला हात पोहोचावा म्हणून स्टुलावर चढणे आणि तोल जाऊन पडणे, हे खुब्याच्या अस्थिभंगाचे एक टाळता येण्याजोगे कारण आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. बाहेर उघडणाऱ्या झडपांना आतून गज आणि त्याच्याही आत डासांची जाळी असेल, तर झडप ओढून घेण्यासाठी आधी जाळी उघडावी लागते आणि मग गजांमधून हात बाहेर काढावा लागतो. सशक्त माणसालाही कंटाळा येईल अशी ही कसरत आहे. परिणामी खिडकी एकदा बंद झाली की महिनोन्‌महिने तशीच राहते.

यावर सरकत्या खिडक्यांचा पर्याय सोयीचा ठरतो. तीन रूळ असलेल्या खिडकीत दोन काचेची तावदाने व एक जाळीचे तावदान बसते आणि हात बाहेर काढावा लागत नाही. मात्र ती एका वेळी अर्धीच उघडते, हे ध्यानात ठेवावे. बिजागरीची झडप पूर्ण उघडते आणि रबराच्या पट्टीमुळे अधिक घट्ट मिटते. पण गज आणि जाळीची रचना आधी विचारात घ्यावी लागते. कोणताही प्रकार निवडा, कडी वा मूठ कंबर ते खांदा या उंचीत असावी, बोटांच्या चिमटीत धरण्याऐवजी तळहाताने दाबता येईल अशी असावी. दुकानात जाताना आजींना सोबत न्या. खुर्चीवर बसून, एका हाताने नमुन्याची खिडकी उघडून पाहू द्या. ही परीक्षा कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा खरी आहे.

हवा : जुन्या फटींचे उपकार

जुन्या खिडकीच्या फटींतून धूळ येत असे, पाणी येत असे. पण हवाही येत असे. नवी यूपीव्हीसीची किंवा अॅल्युमिनियमची खिडकी उत्तम बसवली, तर ही नकळत होणारी हवेची ये-जा थांबते. त्याची भरपाई हेतुपुरस्सर करावी लागते. बंद खोलीत क्षयरोगासारखे हवेतून पसरणारे आजार सहज पसरतात, दमट हवा साठून कोपऱ्यात बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढतो.

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार दमट-उष्ण हवामानात खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश, तर कोरड्या-उष्ण हवामानात एक-दशांश असावे. म्हणजे कोकणपट्टीतील १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फुटांची खिडकी हवी. तेथे सरकती खिडकी बसवली तर प्रत्यक्षात १० चौरस फुटांतूनच हवा येईल. त्यामुळे वरच्या भागात एक छोटे, स्वतंत्रपणे उघडणारे तावदान मागून घ्यावे. समोरच्या भिंतीतील दार किंवा खिडकी उघडी असेल तरच वारा खेळतो, हेही विसरू नये.

येथे एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगणे आवश्यक आहे. न्हाणीघरातील काचपट्ट्यांचा जुना झरोका काढून तेथे बंद काच बसवण्याची पद्धत हल्ली दिसते. त्या न्हाणीघरात गॅस गिझर असेल, तर ही सुधारणा जिवावर बेतू शकते. अपुऱ्या हवेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, चक्कर येते आणि कडी काढण्याइतकेही भान उरत नाही. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. तो हलवेपर्यंत झरोक्याला हात लावू नये. स्वयंपाकघरातही गॅसच्या शेगडीजवळची खिडकी उघडणारीच हवी.

उजेड, ऊन आणि आवाज

वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळसर होते. विशीतील डोळ्याच्या तुलनेत साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक-तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. त्यामुळे तरुण मुलाला ‘छान सौम्य’ वाटणारी गडद काच वडिलांसाठी अंधार ठरते. पायाखालचा उंचवटा दिसत नाही, औषधाच्या पाकिटावरील नाव वाचता येत नाही. दिवसा पुरेसा उजेड मिळाला नाही, तर झोप-जागेचे चक्रही बिघडते. विस्मरणाच्या रुग्णांमध्ये हे अधिक जाणवते. शक्यतो पारदर्शक काच घ्यावी आणि ऊन बाहेरच अडवावे. पश्चिमेच्या खिडकीवर खोल छज्जा, बाहेरून सोडलेला बांबूचा वा वाळ्याचा पडदा हे उपाय विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आतल्या जाड पडद्यापेक्षा अधिक गुणकारी ठरतात, कारण काच तापण्यापूर्वीच ऊन थांबते. एक गैरसमजही दूर करावा. बंद काचेतून येणाऱ्या उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही. त्यासाठी आवश्यक असलेले किरण काच अडवते.

रहदारीच्या रस्त्यालगत घर असेल, तर आवाजाचाही विचार हवा. आपल्या देशातील नियमांनुसार निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मोठ्या रस्त्यांवर ती पाळली जात नाही, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. दुहेरी काच, किंवा दोन काचांमध्ये पारदर्शक थर असलेली लॅमिनेटेड काच, आवाज बराच कमी करते. मात्र रस्त्याकडची खिडकी रात्री बंद ठेवायची असेल, तर मागच्या बाजूची उघडी राहील अशी व्यवस्था करावी.

सुरक्षा

हाताच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवर येणाऱ्या काचा टफन्ड किंवा लॅमिनेटेड असाव्यात. टफन्ड काच फुटल्यास तिचे बोथट दाणे होतात; लॅमिनेटेड काच तडकली तरी जागेवर चिकटून राहते. अशा काचांसाठी भारतीय मानक २५५३ आहे. बिलावर त्याचा उल्लेख मागावा.

निदान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारा, माणूस बाहेर पडू शकेल एवढा दरवाजा असावा. आग लागल्यास पक्के ग्रिल पिंजरा ठरते. त्याची किल्ली कोठे आहे हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. घरात विस्मरणाचा रुग्ण असेल, तर त्याच्या खोलीतील खिडकी ठरावीक अंतरापर्यंतच उघडेल असा अडथळा बसवावा आणि किल्ली काळजीवाहकाकडे ठेवावी.

जाळी प्रत्येक खिडकीला हवीच. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो, त्यामुळे केवळ संध्याकाळी खिडक्या मिटून भागत नाही. जाळी काढून धुता येईल अशी घ्यावी. धुळीने भरलेली जाळी वाराही अडवते.

कारागिराची निवड

चांगली खिडकी वाईट बसवली तर ती गळते. साधी खिडकी नीट बसवली तर ती वर्षानुवर्षे टिकते. म्हणून खिडकीइतकाच वेळ कारागीर निवडण्यास द्यावा.

निदान तिघांना घरी बोलवावे. जो फोनवरच भाव सांगतो, त्यापेक्षा जो प्रत्येक खिडकीचे माप तीन-तीन ठिकाणी घेतो आणि भिंतीची ओल कोठून येते हे बाहेरून पाहतो, त्यावर अधिक विश्वास ठेवावा. ओल छज्जाच्या भेगेतून किंवा वरच्या मजल्याच्या नळातून येत असेल, तर खिडकी बदलून ती थांबणार नाही. त्याने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेले काम प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि त्या घरच्यांना विचारावे.

लेखी अंदाजपत्रकात या बाबी स्पष्ट असाव्यात : चौरस फुटाच्या भावात जाळी, ग्रिल, परांची, जुनी चौकट काढणे, गवंड्याची डागडुजी आणि राडारोडा उचलणे धरले आहे का, काचेची जाडी व प्रकार कोणता, यूपीव्हीसीच्या आत लोखंडी पट्टी आहे का, दुरुस्तीची हमी किती वर्षांची आणि ती कोण पाळणार. इमारतीच्या बाह्य रूपात बदल होणार असेल, तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी.

काम चालू असताना तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. खिडकीखालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूस उतार हवा. चौकट आणि भिंत यांमधील फट पूर्ण भरलेली हवी. वरवर ओढलेली सिलिकॉनची रेघ पुरत नाही. सरकत्या खिडकीच्या रुळातील पाणी बाहेर जाण्याची छिद्रे मोकळी हवीत. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी बाहेरून नळीने दहा मिनिटे पाणी सोडून आतली भिंत कोरडी राहते का ते पाहावे. बाहेरून पाणी सोडणे शक्य नसेल, तर थोडी रक्कम पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवण्याचे आधीच लेखी ठरवावे.

कामाच्या दिवसांत

जुनी चौकट उखडताना सिमेंट-विटांची बारीक धूळ उडते. दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्या व्यक्तीस त्या दिवसांत नातेवाइकांकडे पाठवावे. शक्य नसल्यास दूरच्या खोलीत, दाराच्या फटीला ओले कापड लावून ठेवावे आणि श्वासाचा पंप हाताशी असू द्यावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा कमी ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते. म्हणून जुनी झडपे घरात कोरडी घासू देऊ नयेत. घासायचीच तर ओली करून, आणि नातवंडांना दूर ठेवून. सर्व खिडक्या एकाच दिवशी काढू नयेत. ज्येष्ठांची खोली एका दिवसात पूर्ण होईल असे नियोजन करावे, कारण अनोळखी पसाऱ्यात रात्री उठताना पडण्याचा धोका वाढतो.

आर्थिक ओढाताण असेल, तर सर्व घराच्या खिडक्या बदलण्याची गरज नाही. आजी-आजोबांच्या पलंगाजवळची एक खिडकी आधी बदला. पलंगावर बसून बाहेरचे झाड, रस्ता, माणसे दिसतील अशी त्याची जागा ठेवा. सकाळी उठल्यावर आपली खिडकी आपण उघडावी, हवेसारखी हवा घ्यावी, आणि पाऊस आला तर आपणच ती मिटावी, ही वरवर लहान दिसणारी सत्ता उतारवयात फार मोलाची असते. ती ज्या खिडकीने त्यांच्या हाती राहील, ती आपल्या घरासाठी योग्य खिडकी.