सलगम घ्या, पाल्यासकट

शावर्म्यातल्या गुलाबी फोडी म्हणजे मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात मुरवलेला सलगमच. रंग बीटाच्या चकत्यांचा. पाकिस्तानी घरांत तो मटणात पडतो, काश्मिरी घरांत राजम्यात.

आपल्याकडे मुळ्यासारखा करावा: पातळ काचऱ्या, हिंग-मोहरीची फोडणी, वाफ आली की बेसन पेरायचं. कंद लहान, हाताला जड लागणारा निवडा. मोठा जून निघतो. फार वेळ उकळलात तर कोबीसारखा उग्र वास सुटतो. कुळ एकच, गंधकही तोच! पाला मात्र टाकू नका. 100 ग्रॅम कंदात कॅल्शियम सुमारे 30 मिलिग्रॅम, तेवढ्याच पाल्यात सुमारे 190. लसूण आणि भिजवलेली मूगडाळ घालून परतलेला पाला कंदापेक्षा चविष्ट लागतो, असं आमचं मत.