बिऱ्हाडाबरोबर काय न्यावे, काय नेऊ नये?

धंद्यापायी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी सोलापूर सोडून पुणे, भिवंडी, हैदराबादकडे बिऱ्हाड हलविणारी कुटुंबे थोडी नाहीत. पूर्वी ओळखीचा ट्रकवाला आणि दोन हमाल मिळाले की काम होत असे. आता पॅकर्स-मूव्हर्स कंपन्या सामान बांधण्यापासून उतरविण्यापर्यंत सर्व करतात. मात्र काही वस्तू त्या घेत नाहीत. याची चौकशी भाव ठरविताना करावी, ट्रक दारात उभा राहिल्यावर नव्हे.

पहिला नकार गॅस सिलिंडरला. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर व रेग्युलेटर एजन्सीत जमा करून अनामत परत घ्यावी आणि टर्मिनेशन व्हाउचर मागून घ्यावे. त्यावर नव्या गावी जोडणी मिळते. स्कूटरच्या टाकीतील पेट्रोल काढावे लागते. रॉकेल, थिनर, फटाके यांचे तर नावच नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ल असते, तिच्याविषयी आधी विचारावे.

येथवर सर्वांचे सारखेच. पण आमच्या कारागीर बंधूंपैकी अनेकांचे घर आणि कारखाना एकाच छताखाली असतो, आणि खरा धोका तिथेच आहे. चादर-टॉवेलच्या सुताची रंगणी करणाऱ्याकडे हायड्रोस, कॉस्टिक, ब्लीचिंगची रसायने उरलेली असतात. माल महाग, टाकवत नाही; म्हणून डबा गाद्यांच्या गठ्ठ्यात दडवून दिला जातो. हायड्रोसला थोडी ओल लागली तरी तो तापतो, पेटतो आणि गुदमरविणारा वायू सोडतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीसच्या वर असताना बंद ट्रकच्या आत काय होत असेल, याची कल्पना करावी. एका डब्यापायी मुलीच्या लग्नाचा संसार, शिलाई मशीन, कपडे सारे जळून जाऊ शकते. ट्रकचालकाचा जीवही त्याच ट्रकमध्ये असतो. असा माल हलविण्यापूर्वीच शेजारच्या रंगाऱ्याला विकून टाकावा. दोन पैसे कमी आले तरी चालेल.

कायदाही येथे माल देणाऱ्याला सोडत नाही. मालाचा तपशील खरा देण्याची जबाबदारी त्याची आहे. चुकीच्या किंवा अपुऱ्या माहितीमुळे वाहतूकदाराचे नुकसान झाले, तर ते त्यालाच भरून द्यावे लागते. म्हणजे आपले सामान गेले ते गेलेच, वर दुसऱ्याची भरपाई!

रोकड, दागिने, घराची खरेदीखते कंपन्या घेत नाहीत, आणि ती देऊही नयेत. ही सावधगिरी जुनीच आहे. इंग्रजांच्या 1865 च्या वाहतूकदार कायद्याला एक यादी जोडलेली होती. तीत सोने, चांदी, घड्याळे, रेशीम, काच, दस्तऐवज अशा वस्तू होत्या. त्यांची किंमत शंभर रुपयांपेक्षा जास्त असून ती आधी सांगितली नसेल, तर वाहतूकदार जबाबदार नसे. त्या कायद्याची जागा 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याने घेतली, आणि तो 1 मार्च 2011 पासून लागू झाला. आता जादा दराने जोखीम घातली नसेल, तर भरपाई साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते, तीही लिहून दिलेल्या किमतीच्या आत. भाडे 12,000 रुपये असेल तर मर्यादा 1,20,000. म्हणून किमती सामानाची किंमत कागदावर लिहावी आणि पावती जपून ठेवावी.

खाण्याच्या जिन्नसांतही तेलाच्या बरण्या नाकारल्या जातात, आणि ते योग्यच आहे. लोणच्याची एक बरणी फुटली की खालच्या चार चादरी गेल्या. शेंगा चटणी आणि कडक भाकरी मात्र आपल्या पिशवीतून खुशाल न्यावी.

सामान हरवले किंवा मोडले तर तोंडी भांडण करून उपयोग नाही. दाव्यापूर्वी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत. सामान मिळाल्याच्या तारखेपासून नव्हे.