घोड्याचं हरवलेलं पदक

घोड्याला दागिने? हो तर! वरातीतला घोडा आठवा. कपाळावर तुरा, गळ्यात माळा, पाठीवर झगमगती झूल. सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या सरदारांनाही आपला घोडा नटवायची भारी हौस होती. घोड्याच्या छातीवरच्या चामडी पट्ट्याला ते तांब्या-पितळेची छोटी पदकं लटकवत. बरीचशी ढालीच्या आकाराची, वर सोन्याचा मुलामा आणि रंगीत मिन्यात काढलेला सिंह नाहीतर फूल. ती असायची मालकाच्या घराण्याची खूण. कडी झिजून तुटली, की पदक पडलंच चिखलात. स्वाराला पत्ताही नाही!

आज तिथल्या नांगरलेल्या शेतांत ही पदकं शेकड्यांनी सापडतात. शोधणारे असतात मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणारे हौशी लोक.

या यंत्राला जमिनीखालचं कसं कळतं? त्याच्या टोकाला तारेचं वेटोळं असतं. त्यातल्या विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते, त्यामुळे भोवतीचं चुंबकीय क्षेत्रही सतत बदलत राहतं. ते धातूपर्यंत पोहोचलं, की धातूत इवले इवले वीजप्रवाह गरगरू लागतात. घरातल्या इंडक्शन शेगडीवर पातेल्याच्या बुडात हेच होतं. तिथे प्रवाह इतका जोरकस, की पातेलं तापतं. इथे धातू तापत नाही, पण त्या प्रवाहांचं स्वतःचं बारीकसं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. यंत्र तेवढं ओळखतं आणि ओरडतं, ‘बीप!’

ही युक्ती जुनी आहे. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. एक्स-रेचा शोध लागायला अजून 14 वर्षं होती. मग टेलिफोनवाले ग्रॅहम बेल असंच एक यंत्र घेऊन शरीरातली गोळी शोधायला आले. पण गोळी काही सापडली नाही. गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ उडवला, असं सांगतात.

आता वसई-विरारकरांच्या मनात काय आलंय, मला ठाऊक आहे. आपल्याकडेही घोडे होतेच की! तेराव्या शतकातला प्रवासी मार्को पोलो लिहितो, की ठाण्याच्या राजाने चक्क समुद्री चाच्यांशी करार केला होता: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. घोडे जहाजांतून यायचे आणि फार महाग असायचे. बोरिवलीजवळच्या एक्सरला मोठमोठे वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मृतिशिळा आहेत. त्यांच्यावर जहाजांची लढाई कोरलेली आहे, आणि तलवार उपसलेले घोडेस्वारही आहेत. लोकलने जाऊन बघून या.

मग डिटेक्टर घेऊन निघायचं का वसईच्या किल्ल्यात? अजिबात नाही! तो संरक्षित किल्ला आहे, तिथे परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. इतर कुठे जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा जुना ऐवज मिळाला, तरी 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांना कळवावं लागतं. (दहा रुपये! कायदा किती जुना आहे, ते इथेच कळतं.)

एवढी कडक शिस्त कशाला? उत्तर नालासोपाऱ्यातच आहे. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या ‘बुरुड राजाच्या कोटा’त उत्खनन केलं. आत होता विटांचा बौद्ध स्तूप. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा! सोन्याच्या करंड्यात होते मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी ते इतके जपले होते. डिटेक्टरला मातीचा पत्ताच लागला नसता.

पेटीत एक चांदीचं नाणंही होतं, सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं, म्हणजे दुसऱ्या शतकातलं. पण तांब्याच्या करंड्याभोवती मांडलेल्या धातूच्या आठ बुद्धमूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या घडणीच्या! एकाच बंद पेटीत सहाशे वर्षांचं अंतर? ते नाणं आणि त्या मूर्ती वेगवेगळ्या खिशांत गेल्या असत्या, तर हे कोडं कुणाला पडलंच नसतं. अभ्यासकांनी ते सोडवलं असं: मधल्या काळात कुणीतरी स्तूप उघडला, करंड्याभोवती नव्या मूर्ती मांडल्या आणि तो पुन्हा बंद केला.