साहेब, याचं बिल?

हिशेबाच्या कचेरीत हा प्रश्न फार जपून विचारला जातो. नुकत्याच रुजू झालेल्या आर्टिकलच्या, म्हणजे सीएची उमेदवारी करणाऱ्याच्या, तर तो ओठांवरच विरतो. वरिष्ठांकडे पुरावा मागणं म्हणजे त्यांच्या सचोटीवर शंका घेणं, हा समज त्यामागे असतो आणि माझ्या मते तो अत्यंत घातक आहे. ‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीचंच पाहा. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. वास्तविक बँकेतली शिल्लक पडताळण्याची रीत साधी आहे: लेखापरीक्षकाने स्वतः बँकेला पत्र पाठवायचं आणि उत्तरही थेट स्वतःकडे मागवायचं. अमेरिकी नियामकांना २०११ मध्ये आढळलं, की ‘सत्यम’च्या लेखापरीक्षकांनी ही पत्रं पाठवणं आणि उत्तरं मिळवणं, दोन्ही कंपनीच्या व्यवस्थापनावरच सोडलं होतं.

सतत पुरावे मागितले तर माणसांतला विश्वास उरेल का, असा आक्षेप येतो. तो खराच आहे, पण मोजक्यांकडेच बिल मागितलं जातं तिथे. शिपायाच्या रिक्षाभाड्याला आणि संचालकांच्या हॉटेलखर्चाला एकच नियम असेल, तर कुणाचाच अपमान होत नाही. उलट दोन वर्षांनी करतपासणीत विचारणा झाली, की सहीचं व्हाउचर खर्च करणाऱ्याचीच बाजू मांडतं. आता १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारी, बंद न करता येणारी सोय सक्तीची आहे. मग बिलं-व्हाउचर मागण्याच्या सवयीची गरज काय? गरज आहे, कारण ती नोंद काय बदललं ते सांगते, का बदललं ते नाही. ते कारण माणसालाच तपशिलात लिहावं लागतं. ‘किरकोळ खर्च’ एवढ्यावर भागत नाही.

पुराव्याइतकंच, पैसे देणारा आणि हिशेब तपासणारा वेगळा असणंही गरजेचं असतं. लहान कचेरीत दोनच माणसं असतात, मग कामांची वाटणी करायची कशी, ही अडचण मात्र खरी आहे. तरीही चेक लिहिणाऱ्यानेच बँकेचा ताळमेळ घालू नये, निदान महिन्यातून एकदा मालकाने बँकेचं स्टेटमेंट स्वतः उघडून पाहावं, एवढं तर जमण्यासारखं आहे. विचारण्याचीही रीत असते. बिल राहिलं असेल तर टेबलापाशी जाऊन हळू सांगावं, कचेरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्हे. आणि साहेबांनी दौऱ्यावरून परतताच आपली बिलं सर्वांच्या आधी आणून द्यावीत.