टोल चुकतोय? घड्याळ बिघडलं नाहीये, काऊंटर हुकलाय

आजचा विषय आहे शोकेसवर ठेवलेलं जुनं टोलाचं घड्याळ. काटे दाखवतात चार आणि टोल पडतात सात. बऱ्याच घरांत यावर एकच उपाय होतो: टोलाची चावी देणं बंद. घड्याळ मुकं होऊन बसतं. आमच्याकडे ते चालण्यासारखं नव्हतं, कारण आजीला आता काटे दिसत नाहीत. ती टोल मोजून गोळ्या घेते.

मी दिवसभर कोड लिहितो, तर त्याच भाषेत सांगतो. डायलवर चावीची दोन भोकं दिसतात ना? आत दोन स्प्रिंगा असतात. एक वेळ चालवते, दुसरी टोल देते. सेथ थॉमससारख्या १९व्या शतकातल्या बऱ्याच अमेरिकन घड्याळांत टोल मोजायला खाचांचं एक चाक असतं. खाचांमधलं अंतर वाढत जातं, तसे टोलही वाढतात. १ ते १२ची बेरीज ७८, म्हणजे चाकाच्या एका फेरीत तासांचे ७८ टोल.

गंमत बघा, काटे कुठे आहेत हे या चाकाला माहीतच नसतं. मिनिट काटा फक्त 'वाजव' एवढा निरोप देतो. मागे सात वाजले, तर आता आठ, बस्स! त्यामुळे टोलाची स्प्रिंग आधी उतरली किंवा टोल पुरे न होऊ देता काटे भराभर फिरवले, की हिशोब हुकतो.

दुसऱ्या प्रकारात, सुमारे १६७६पासून, तास काट्याबरोबर फिरणारी पायऱ्यांची चकती असते. तिचं श्रेय इंग्लंडच्या एडवर्ड बार्लोला देतात. एक दांडी चकतीवर टेकते आणि दर वेळी नव्याने आकडा वाचते. इथे टोल चुकला, तर बहुधा तास काटाच जागेवरून सरकलेला असतो.

आता दुरुस्ती. दोन्ही प्रकारांना चालेल अशी:

१. दोन्ही चाव्या द्या.
२. मिनिट काटा हळूहळू पुढे नेऊन १२वर आणा आणि टोल मोजा.
३. सात पडले? मग फक्त तास काटा बोटाने सातवर सरकवा. तो साधारणपणे नुसता दाबून बसवलेला असतो. घट्ट वाटला तर जोर लावू नका, घड्याळजीला दाखवा.
४. आता मिनिट काटा पुढे फिरवत खऱ्या वेळेवर या. वाटेत प्रत्येक तासाला आणि अर्ध्या तासाला थांबा, टोल संपू द्या.

मिनिट काटा मागे फिरवायचा मोह टाळा. सगळ्याच घड्याळांना ते सोसत नाही, आतला एखादा भाग वाकू शकतो.

आणि पुन्हा हुकू नये म्हणून? वार ठरवून दोन्ही चाव्या एकत्र द्या. आमच्याकडे रविवार ठरलाय, फोनवर रिमाइंडर लावलाय.

तुमच्या घरी असं मुकं घड्याळ असेल, तर या सुट्टीत वाजवून बघा. भेटू पुढच्या भागात!