शिवराळ गाव, सोवळा पडदा

पडद्यावरच्या काऊबॉयने आजवर काय काय केले नाही? बँका लुटल्या, गुरे पळवली, भर रस्त्यात माणसे आडवी पाडली. पण त्याच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नाही. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘गनस्मोक’ १९५५ ते १९७५ अशी तब्बल वीस वर्षे चालली. ‘बोनान्झा’ १९५९ ते १९७३ या काळात एनबीसीवर होती. घरोघरी आई-वडील, मुले आणि आजी-आजोबा एकत्र बसून या मालिका पाहत. आपल्याकडे ‘मकॅनाज गोल्ड’ला तोबा गर्दी करणाऱ्या पिढीनेही असाच काऊबॉय पाहिला. अंगावर महिनाभराची धूळ, पण जीभ मात्र धुतल्या तांदळासारखी!

या सोवळ्या काऊबॉयचे सोवळे २००४ साली मोडले. त्या वर्षी मार्चमध्ये एचबीओवर ‘डेडवूड’ ही मालिका सुरू झाली. लेखक-निर्माते होते डेव्हिड मिल्च. येल विद्यापीठात साहित्य शिकवलेला हा माणूस. मालिकेचे तीन हंगाम आणि छत्तीस भाग झाले, २०१९ मध्ये एक समारोपाचा चित्रपटही आला. पण सर्वांत जास्त चर्चा झाली ती तिच्यातल्या शिव्यांची. पहिल्या भागापासून अर्वाच्य शब्दांचा असा काही भडिमार होता, की निम्मे प्रेक्षक अवाक् झाले आणि उरलेले शिव्या मोजू लागले!

एचबीओला हे करता आले, कारण ती पैसे भरून घेण्याची वाहिनी. जॉर्ज कार्लिन या विनोदवीराचा एक शिवराळ कार्यक्रम रेडिओवर लागला, त्यावरून खटला झाला आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हवेतून घरोघरी पोहोचणाऱ्या प्रसारणातील असभ्य भाषेवर सरकारी नियामक कारवाई करू शकतो. वर्गणी भरून घरात आणलेल्या केबल वाहिन्यांना तो नियम लागू नव्हता. अर्थात, परवानगी असणे वेगळे आणि गरज असणे वेगळे. खरा प्रश्न गरजेचाच आहे.

त्यासाठी डेडवूड हे गाव काय होते, ते पाहायला हवे. ते कल्पनेतले नव्हे. डाकोटा प्रदेशातील ब्लॅक हिल्स हा डोंगराळ मुलूख १८६८ च्या तहाने लाकोटा लोकांचा म्हणून मान्य झाला होता. १८७४ मध्ये कस्टरच्या लष्करी मोहिमेला तिथे सोने सापडले आणि तह कागदावरच राहिला. १८७६ मध्ये डेडवूडची वस्ती उभी राहिली ती दुसऱ्याच्या जमिनीवर, बेकायदा. तिथे ना पोलीस, ना न्यायालय. त्याच वर्षी २ ऑगस्टला वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित बंदूकबाजाला जॅक मॅकॉलने पत्ते खेळताना पाठीमागून गोळी घातली. खाणवाल्यांनी आपापसांतच खटला चालवला आणि मॅकॉलला चक्क सोडून दिले. पुढे यँक्टन येथे त्याच्यावर पुन्हा खटला झाला. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा? तर डेडवूडमध्ये कायदाच नव्हता, म्हणून पहिला खटला खटलाच नव्हे! १ मार्च १८७७ रोजी मॅकॉल फासावर गेला.

अशा गावात माणूस स्वतःचे रक्षण कशाने करणार? बंदूक शेवटी येते, आधी येते जीभ. शिवी हे तिथले कुंपण होते. ‘माझ्या वाटेला जाऊ नकोस’ हे सांगण्याची ती रीत. जेम सलूनचा मालक अल स्वेरेंजन (इयान मॅक्शेन यांची भूमिका विसरता येत नाही) शिव्यांवर शिव्या देतो, पण त्याच श्वासात जुन्या नाटकांत शोभावीत अशी लांब, वळणदार वाक्येही बोलतो. कॅलॅमिटी जेनच्या तोंडाला तर काही धरबंदच नाही. पण गावात देवीची साथ येते, तेव्हा रोग्यांच्या उशाशी हीच शिवराळ बाई बसते.

आता एक आक्षेप. जेफ्री नन्बर्ग यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की मालिकेतल्या शिव्या त्या काळच्या नव्हेतच. १८७६ चा माणूस संतापला की देवाचे नाव घेऊन शाप देई, नरकात धाडी. त्यालाच तेव्हा घोर पाप मानत. आजच्या प्रेक्षकाला मात्र ते शब्द ऐकून हसू येईल. आपल्याकडचेच पाहा ना. ‘मेल्या’ आणि ‘मुडद्या’ हे एके काळी सरळ मरणाचे शाप होते, पण आजीच्या तोंडी ते लाडाचे होऊन बसले. एखाद्या नाटकातल्या खलनायकाने आज ‘मेल्या’ म्हणून दरडावले, तर कोण घाबरेल? म्हणून मिल्च यांनी शब्द आजचे घेतले. त्यांनी भाषांतर केले ते शब्दाचे नव्हे, धक्क्याचे. इतिहास म्हणून ते चूक, नाटक म्हणून बरोबर.

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. १९७२ मध्ये तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्याच वर्षी नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने सभ्य दिवाणखान्यांना हादरा दिला. ते शब्द चवीपुरते घातलेले नव्हते. ते गाळले असते, तर ती माणसेच गळली असती.

हीच कसोटी इथेही लावावी. शिवी काढून टाकली तर पात्र उरते का? उरत असेल, तर ती शिवी फोडणीत जास्त झालेल्या तिखटासारखी, फक्त ठसका देणारी. ‘डेडवूड’मध्येही असे प्रसंग आहेत. अधूनमधून कान बधिर होतात आणि शिवीची धार जाते. आणि ही मालिका मुलाबाळांना घेऊन पाहायची नाही, हे तर उघडच आहे.

पण मुलांसाठी निर्मळ म्हणून आपण काय निवडतो, तेही एकदा तपासायला हवे. ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ ही १९७४ ते १९८३ या काळातली गोड कौटुंबिक मालिका ज्या लॉरा इंगल्सच्या पुस्तकांवर बेतली, तिचे कुटुंब १८७९ मध्ये याच डाकोटा प्रदेशात राहायला गेले. प्रदेश तोच, दशक तेच. दोन्ही चित्रे खोटी नव्हेत, पण एकट्याने कोणतेच पुरे नाही. सोवळ्या काऊबॉयने कित्येक वर्षे मूळ रहिवाशांवर गोळ्या झाडल्या आणि आपण शेंगदाणे खात ते पाहिले. ‘डेडवूड’च्या पहिल्याच भागात स्वेरेंजन आदिवासींच्या मुंडक्यांवर इनाम लावतो. एवढ्या शिव्यांच्या गदारोळात खरे अश्लील काही असेल, तर तो सौदा.

शिवी ऐकू आली की आपला हात झटकन रिमोटकडे जातो. जावाही. पण माणूस मरताना तो जागचा हलत नाही, ही सवय मुले आपल्याकडे पाहूनच उचलतात.